कुंपणातला करंट आणि ‘आपल्या हद्दीतला हक्क’

गेल्या आठवड्यात थोरल्या काकांनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक संदेश पाठवला आणि खाली विचारले, ‘हे खरे असेल तर आपल्या तुरीलाही तार लावून टाकू का?’ संदेशाचा सारांश असा : आपल्या हद्दीत विनापरवाना शिरणाऱ्याच्या जिवाची जबाबदारी मालकावर नसते, कुंपणात करंट सोडणे हा स्वसंरक्षणाचा हक्क आहे, ‘धोका’ अशी पाटी लावली की मालक मोकळा, आणि कोणी दगावलाच तर पोलीस केवळ अकस्मात मृत्यूची नोंद करतात. शेवटी ‘वकिलांचा सल्ला’ असेही लिहिले आहे. वकिलाचे नाव मात्र नाही.

पहिल्या विधानात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. बोलावलेल्या पाहुण्याची जेवढी काळजी घ्यावी लागते तेवढी न विचारता शिरलेल्याची घ्यावी, असे कायदा म्हणत नाही. चोरी करायला आलेला माणूस अंधारात बांधावरून घसरून पाय मोडून बसला, तर त्याची भरपाई सहसा मालकाच्या माथी येत नाही. मात्र जागेत धोका असणे वेगळे आणि तो माणसासाठी रचून ठेवणे वेगळे.

हा फरक सर्वोच्च न्यायालयाने ‘चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य’ या खटल्यात १९६३ मध्येच स्पष्ट केला आहे. शेजारणीच्या संडासाची भिंत पडली होती, म्हणून ती आरोपीच्या संडासात जाऊ लागली. तोंडी मनाई करून उपयोग होईना, तेव्हा त्याने वाटेवर तांब्याची उघडी तार लावून तीत वीज सोडली. आत जाताना ती बाई बचावली. बाहेर येताना तिचा हात तारेला लागला आणि ती मेली. ती परवानगीशिवाय आली होती आणि मालमत्तेचे रक्षण हा आपला हक्क होता, हाच आरोपीचा बचाव होता. न्यायालयाने तो फेटाळला आणि भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ (हयगयीने मृत्यू घडवणे) खालची दोषसिद्धी कायम ठेवली. विनापरवाना शिरलेला माणूस म्हणजे कोणीही मारावा असा लांडगा नव्हे, या अर्थाचे शब्द त्या निकालात आहेत. ज्यांना एकच गोष्ट वाचायची असेल त्यांनी हा निकाल वाचावा. तो फार लांब नाही.

स्वसंरक्षणाबद्दल थोडक्यात सांगतो. मालमत्तेसाठी जीव घेण्यापर्यंत हा हक्क केव्हा पोहोचतो, हे दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ४१ मध्ये मोजून दिले आहे : जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, घराला आग लावणे, किंवा चोरी करणाऱ्याकडून जिवाची वा जबर दुखापतीची रास्त भीती. शेंगा तोडणारा त्यात बसत नाही, आणि समोर कोण आले आहे हे तारेला कळत नाही. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली की मोटार चालू करायला शेजारी बांधावरूनच जातो. बांधावरून वाट मिळण्याचा हक्क महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे, तेव्हा तो पुष्कळदा अतिक्रमकही नसतो. पाटीचे म्हणाल, तर रात्री ती दिसत नाही आणि लहान मुलाला वाचता येत नाही.

‘अकस्मात मृत्यूची नोंद’ हे विधान तर सरळ घातक आहे. नोंद तिथे सुरू होत असेल, पण ती तिथे थांबत नाही. हयगयीने मृत्यू घडवल्याबद्दल पूर्वी २ वर्षांपर्यंत कैद होती. १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेच्या कलम १०६ खाली ती ५ वर्षांपर्यंत आहे. परिस्थिती पाहून सदोष मनुष्यवधाचे कलम १०५ लागू शकते, आणि मृताचे वारस १८५५ च्या प्राणांतिक अपघात अधिनियमाखाली भरपाई मागू शकतात. आकडा टाकून वीज घेतली असेल तर वीजचोरीचा गुन्हा वेगळा. तारेला वाघ चिकटला तर वन्यजीव संरक्षण कायदा वेगळा.

रानडुकरांचा त्रास खरा आहे आणि काकांचा संतापही खोटा नाही. त्यांना मी एवढेच कळवले की बॅटरीवर चालणारे तयार झटका मशीन घ्या; त्याचा झटका क्षणभराचा आणि थांबून थांबून असतो, म्हणून प्राणी मागे सरतो. घरच्या २३० व्होल्टच्या जोडणीला तार लावाल तर चिकटलेला हात सुटत नाही. काकांनी ‘बरं’ असे उत्तर दिले. तोवर मूळ संदेश त्यांच्याकडून आणखी तिघांना गेलेला होता.