खुलासा : बडोद्यावरचे थवे भूकंपाची चाहूल नव्हेत

संध्याकाळी बडोद्यावर घिरट्या घालणारे काळे थवे म्हणजे भूकंपाची चाहूल, असा निरोप व्हॉट्सॲपवर फिरतोय. त्यात तथ्य नाही. त्या भोरड्या आहेत, म्हणजे पळसमैना. मावळतीला काळ्या दिसतात एवढंच. अंग गुलाबी, डोकं, पंख नि शेपूट काळी. कोवळे पक्षी मात्र मातकट, तिथे भलेभले फसतात. वीण मध्य आशिया नि पूर्व युरोपात, टोळांवर ताव मारत. जुलै-ऑगस्टपासून एप्रिलपर्यंत मुक्काम आपल्याकडे: वड-पिंपळाची फळं, ज्वारीची कणसं (शेतकरी वैतागतात, ते रास्तच), फाल्गुनात पळस-सावरीचा मकरंद. रात्री हजारोंनी एकत्र झोपतात. झोपण्याआधीच्या या घिरट्यांत ससाण्याला एकच पक्षी हेरणं अवघड जातं.