विद्यार्थी संघाचे संकेतस्थळ कसे करावे

बाहा किंवा फॉर्म्युला भारत स्पर्धेसाठी गाडी बांधणाऱ्या विद्यार्थी संघांना संकेतस्थळाविषयी सल्ला देण्याचा अधिकार मला नुकताच प्राप्त झाला आहे. एका संघाला हब आणि अपराईट हे चाकाजवळचे भाग आपल्या संगणकचालित सीएनसी यंत्रावर विनामूल्य काढून द्यावेत, अशी दुर्बुद्धी मला झाली आणि त्यांचा ठावठिकाणा शोधण्यासाठी मी त्यांच्या संकेतस्थळावर गेलो.

सर्वप्रथम, आलेल्या माणसाला लगेच आत घेऊ नये. काळ्या पडद्यावर इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरचा काटा सावकाश चढत राहावा. पहिल्या पानावरची छायाचित्रे कॅमेऱ्यातून निघाली तशीच, मूळ आकारात चढवावीत. गाडीचे वजन ग्रॅमाग्रॅमाने घटवणाऱ्यांनी पानाच्या वजनाकडे पाहणे शोभत नाही.

अक्षरे काळ्यावर करडी असावीत. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातील उजळपणाचे गुणोत्तर किमान 4.5:1 असावे, असे संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत म्हणून केलेली डब्ल्यूसीएजी ही मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, सांगू द्यावे.

संकेतस्थळ मोबाईलवर उघडून पाहू नये.

संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या सेवेकडून फुकट मिळते आणि त्याचे नूतनीकरणही आपोआप करता येते, म्हणून ते घेऊ नये.

संपर्काच्या पानावर मात्र सर्व प्रतिभा ओतावी. दूरध्वनी क्रमांक देणे हा मागासलेपणा असल्याने तेथे फॉर्म ठेवावा. त्यात पदनामापासून ‘आमच्याविषयी कोठे ऐकले’ इथपर्यंत प्रत्येक रकाना सक्तीचा असावा, मोबाईल क्रमांकाआधी +91 लिहिले तरी चूक दाखवावी आणि न लिहिले तरी दाखवावी, आणि प्रत्येक चुकीनंतर भरलेला सगळा मजकूर पुसून टाकावा. प्रायोजकांसाठीची माहितीपुस्तिका गुगल ड्राइव्हवर कुलूपबंद ठेवावी. ज्याला पैसे द्यायचे आहेत, त्याने आधी परवानगी मागावी. तळाशी इन्स्टाग्राम आणि लिंक्डइनची चिन्हे मांडावीत, पण कोणत्याही चिन्हावर टिचकी मारली तरी माणूस त्याच पानाच्या माथ्यावर परतावा. एवढे करूनही कोणी चिवटपणे फॉर्म पाठवलाच, तर हिरव्या अक्षरांत ‘धन्यवाद’ म्हणावे आणि तो निरोप गेल्या वर्षीच्या कप्तानाकडे धाडावा, जो आता बंगळुरूला नोकरी करतो आणि ती ईमेलपेटी उघडतही नाही. हे मला संकेतस्थळावरून नव्हे, शेजारच्या कारखान्यातल्या एका प्रशिक्षणार्थी मुलाकडून कळले.

अरे, काय चालवले आहे हे? तांत्रिक तपासणीत एक बोल्ट सैल निघाला तर रात्रभर जागता, आणि आपलाच फॉर्म एकदा भरून पाहण्याची बुद्धी तुमच्यातल्या एकालाही होत नाही? वर्षभर प्रायोजकांचे उंबरठे झिजवता, आणि जो आपणहून आला त्याला तुमचे दार सापडू देत नाही. बिझनेस प्लॅनच्या फेरीत परीक्षकांना ग्राहक समजावून सांगणारे तुम्हीच ना? मग संघाच्या नावाने एक ईमेल पत्ता उघडा, दरवर्षी त्याचा पासवर्ड नव्या कप्तानाच्या हाती द्या, पहिल्याच पानावर मार्गदर्शक प्राध्यापकांचा क्रमांक ठळक लिहा, आणि तो टॅकोमीटर आजच्या आज काढून टाका.