खुर्ची वर जाते, वॉरंटी खालीच राहते

स्टेअरलिफ्टच्या, म्हणजे जिन्यावरच्या रुळावरून माणसाला वर-खाली नेणाऱ्या खुर्चीच्या, शोरूममध्ये आजींना खुर्चीत बसवून एकदा वर नेऊन आणतात. आजी खाली येतात त्या हसतच. तिथेच सौदा पक्का होतो, आणि वॉरंटीचं पत्रक कुकरच्या जुन्या बिलांबरोबर खणात जाऊन पडतं.

मी ही पत्रकं शेवटून वाचायला घेतो. पहिल्या पानावर काय मोफत मिळेल ते ठळक अक्षरांत असतं, आणि बिघडणाऱ्या वस्तू शेवटच्या पानावर मुंगीच्या अक्षरांत असतात. रुळाला आणि मोटरला लांबलचक वर्षं दिलेली असतात. द्यायला काय जातं? पायऱ्यांना बोल्टने आवळलेला तो रूळ आपणहून मोडायचा तर जिन्यावरून विरार लोकल जायला हवी.

खरा जीव आहे तो बॅटरीत. खुर्ची सहसा थेट घरच्या विजेवर चालत नाही. बैठकीखाली 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, चार्जर त्यांना भरत राहतो, आणि म्हणूनच वीज गेली तरी काही फेऱ्या होतात. पत्रकात बॅटरी ‘झिजणारा भाग’ म्हणून वेगळी काढलेली असते. मुदत बहुधा वर्षाची, कुठे तेवढीही नाही. उकाड्यात तिचं आयुष्य घटतं: 25 अंशांवर ती जितकी वर्षं टिकेल, त्याच्या साधारण निम्मीच 35 अंशांवर. नागपूरकरांनी हिशेब आपला आपण करावा.

पण उन्हापेक्षा जास्त बॅटऱ्या मारते ती आपली शिस्त. गावाला निघताना गॅस बंद, नळ बंद, मेन स्विच बंद! चार्जर मेला, बॅटरी हळूहळू उतरत गेली, आत सल्फेटचा थर धरला. महिन्याने परत आल्यावर खुर्ची ढिम्म, आणि पत्रकात ‘चार्जिंग खंडित ठेवल्यास वॉरंटी लागू नाही’. यावर उपाय स्वस्त आहे. लिफ्टला वेगळा एमसीबी, म्हणजे विजेच्या पेटीतला स्वतंत्र स्विच, घ्या, आणि घराला कुलूप लावताना मेनऐवजी बाकीचे एमसीबी बंद करून तो चालू ठेवा. दुसरं असं की बऱ्याच मॉडेलमध्ये चार्जिंगच्या जागा फक्त रुळाच्या दोन टोकांना असतात. पायऱ्या पुसायला जागा हवी म्हणून खुर्ची मध्येच उभी ठेवली तर ती बीप-बीप करत राहते. तो आवाज बंद कसा करायचा, हे विचारायला लोक सर्व्हिस सेंटरला फोन करतात. खुर्ची टोकाला न्या, एवढंच. बदलायची वेळ आली की दोन्ही बॅटऱ्या एकदम बदला. एक जुनी ठेवली तर ती नवीला स्वतःच्या पंक्तीला बसवते.

त्यानंतर सर्किट बोर्ड, लिफ्टमधल्या महागड्या भागांपैकी एक. तो वॉरंटीत असतो, छातीठोकपणे असतो. अपवाद फक्त तीन: विजेचा चढउतार, पाणी आणि उंदीर. आता आपल्याकडे बोर्ड आणखी कशाने जातो, हे मला कोणी सांगावं. अर्थिंग नीट तपासून घ्या, विक्रेता सांगेल तो सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक झटका अडवणारं उपकरण) बसवा, जिना बादलीने धुण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. आणि खुर्ची ज्यावरून चढते त्या रुळावरच्या दात्यांच्या पट्टीला खोबरेल लावू नका. धूळ चिकटते, दाते खरखरतात, आणि तंत्रज्ञाला नुसत्या वासावरून वॉरंटी रद्द करता येते.

फोन करण्यापूर्वी पाच गोष्टी बघा: किल्ली चालू आहे का, बैठक फिरवल्यानंतर ‘खट्’ करून जागेवर बसली का, हात टेकायचे दांडे खाली आहेत का, पायफळीखाली चप्पल अडकली आहे का, रिमोटचे सेल जिवंत आहेत का. यातलं एक जरी चुकलं तरी खुर्ची हलेलच असं नाही, बहुधा सुरक्षेसाठीच; म्हणजे ती बिघडलेली नसते, शहाणी असते. तंत्रज्ञ येतो, चप्पल बाजूला करतो आणि ‘दोष आढळला नाही’ म्हणून भेटीचे पैसे लावतो. ते पैसे वॉरंटीत नसतात, हेही शेवटच्याच पानावर.

भाग मोफत म्हणजे मजुरी मोफत असं नाही, आणि मजुरी मोफत म्हणजे येण्याजाण्याचा खर्च मोफत असंही नाही. विक्रेता पुण्याचा आणि जिना चिपळूणचा असेल, तर हे तीन आकडे बिलावर वेगवेगळे लिहून घ्या. ‘24 तासांत प्रतिसाद’ याचा अर्थ 24 तासांत फोन येईल. दुरुस्ती किती दिवसांत, सुटा भाग भारतात साठवलेला आहे की बोटीने येणार, हे वेगळं विचारायचं. बदललेल्या भागाला बहुधा नवी मुदत मिळत नाही, जुन्यातली उरलेली चालते.

मुदत बिलाच्या तारखेपासून की बसवल्यापासून? वळणाच्या जिन्याचा रूळ मापाने बनवून येतो, त्यात आठवडे जातात आणि वॉरंटी गोदामातच रांगू लागते. ‘बसवून चालू केल्याच्या तारखेपासून’ असं लेखी घ्या. हा वळणाचा रूळ दुसऱ्या जिन्याला सहसा बसत नाही, त्यामुळे घर बदललं की तो भंगारात जातो. फरशी तडकली तर तीही तुमचीच. ड्रिल लावण्याआधी प्रत्येक पायरी नाण्याने ठोकून बघा; पोकळ आवाज आला तर तिथे बोल्ट नको.

वॉरंटी संपली की वार्षिक देखभालीचा करार पुढे येतो. नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे माणूस येऊन बघून जाईल. कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे भागही बदलेल, पण बहुधा बॅटरी सोडून. माझं मत विचाराल तर स्वस्तातला करार घ्यावा आणि बॅटरीचे पैसे बाजूला टाकत जावं.

एक शेवटची भानगड: पैसे न्यू जर्सीतल्या मुलाने भरले, बिल त्याच्या नावावर, आणि खुर्चीत बसतात नाशिकचे नाना. तरीही नाना तक्रार करू शकतात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच आहे. आधी 1915 ही ग्राहक हेल्पलाइन, तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षं. तक्रार स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात, ऑनलाइनही दाखल करता येते. हे फार बरं झालं, नाहीतर जिना चढवत नाही अशी तक्रार घेऊन नानांना सरकारी इमारतीचा जिना चढावा लागला असता.