बटाटा पिवळा पडला, त्याबद्दल मालकिणीचं उत्तर

नमस्कार सर. "फोटो बघून करपा सांगितला, एकशे दहा रुपयांचं औषध गळ्यात मारलं, शेवटी गोट्यांएवढे बटाटे निघाले, फसवणूक आहे, वर मालकीण उद्धट" असं आमच्या बियाणं-औषधांच्या दुकानाला एक तारा देऊन तुम्ही रिव्ह्यूत लिहिलंय. बटाटे लहान निघाले याचं वाईट वाटतं. करपा, म्हणजे पानांवर ठिपके पाडणारा बुरशीचा रोग, नव्हता, माझा अंदाज चुकला. माफ करा.

पण तारखेचं बोलू द्या. तुमचा फोटो ३० जानेवारीला रात्री साडेदहाला आला. ट्यूबलाइटचा उजेड, खालची पानं पिवळी, दोन-चार तपकिरी ठिपके. मी पहिलंच विचारलं, झाडं किती दिवसांची? तुम्ही लिहिलंत, "दीड महिना." दीड महिन्याच्या बटाट्यावर ठिपके म्हटल्यावर कोणीही करप्याचंच म्हणेल. तरी मी लिहिलं होतं, की सकाळी दव असताना पानाची मागची बाजू बघा, पांढरी बुरशी दिसते का, आणि ठिपक्यात गोल गोल कडी आहेत का ते कळवा. तो मेसेज अजून आहे. त्यावर उत्तर आलं नाही, दुसऱ्या दिवशी तुम्हीच आलात, म्हणालात, "काहीतरी द्या." दिलं.

परवा बिलबुक काढलं. बेणं, म्हणजे लावायचे बटाटे, तुम्ही १२ नोव्हेंबरला नेलंय. १५ तारखेला लावतानाचा फोटोही तुम्हीच पाठवलेला, तुमच्या मुलीच्या हातात कोंब आलेला बटाटा. म्हणजे फोटोच्या दिवशी झाडं ७६ दिवसांची. तुमची बटाट्याची जात कुफरी पुखराज, तो ७०-९० दिवसांत काढणीला येतो, खालून पिवळा पडायला लागतो. तो रोग नव्हे, पीक तयार होत होतं! हे बिलबुक मी त्या रात्रीच बघायला हवं होतं, तेवढं माझ्याकडून राहिलं.

आणि गोट्यांचं म्हणाल तर पाच लिटरच्या रंगाच्या डब्यात तीन बेणी, मातीची भर एकदाही लावलेली नाही. तिथे बटाटा पोसायला जागा कुठली? माझं माहेर पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारावरचं, बटाट्याच्या सरीत वाढले मी. औषध विकायला खोटं सांगणं माझ्याकडून होणार नाही.

उद्धटपणाचं म्हणाल तर रविवारी दुकानात आठ-दहा माणसं असताना तुम्ही डबा काउंटरवर उपडा केलात. माती बिलबुकात गेली. मी तोडून बोलले, मान्य आहे.

यापुढे बिलावर लागवडीची तारीख लिहून घेऊ, फोटो कसा काढायचा तेही छापून लावायचं चाललंय. औषधाचं पाकीट फोडलेलं असलं तरी आणा, पैसे परत देते. एक तारा राहू द्या, तेवढा "फसवणूक" शब्द काढला तर बरं होईल. आमचं घर याच दुकानावर चालतं. रविवार सोडून कधीही या.