शिसं वाचवा, दात घालवा

डिसेंबरात एका मित्राकडे जेवायला गेलो आणि डावीकडची खालची दाढ तिथेच ठेवून आलो. बेत फेझंटच्या, म्हणजे इथल्या शिकारीच्या पाखराच्या, रश्श्याचा होता. मालवणी वाटण, वर कोकम, बाहेर इंग्लंडातला तो चिकट पाऊस. दुसऱ्याच घासाला कट्‌कन आवाज आला. आधी वाटलं लवंग असेल. बोटावर काढून बघतो तर मोहरीहून थोडा मोठा, करडा, एका बाजूने चेपलेला छर्रा आणि त्याच्या शेजारी माझ्या दाढेचा कोपरा.

"सापडला?" यजमान टाळी वाजवत म्हणाले. "अरे, नशीबवान आहेस! छर्रा निघाला म्हणजे माल अस्सल. आणि शिशाचा होता म्हणून बरं, मऊ असतो. स्टीलचा असता तर बत्तीशी गेली असती."

इथे दातांचा डॉक्टर मिळवणं म्हणजे काय, ते इथल्यांना सांगायला नको. पाच आठवडे उजव्या बाजूने जेवलो, मग क्राउनचे 700 पौंड मोजले. छर्रा घरी आणला होता. फ्रिजवरचं लोहचुंबक लावलं, चिकटला नाही. कागदावर घासला तर पेन्सिलीसारखी रेघ उठली. शिसंच.

त्या रात्री जेवणभर एकच विलाप चालला होता: सरकार आपला शिकार-नेमबाजीचा छंद मोडायला निघालंय. जुलै 2025 मध्ये जाहीर झालं ना, इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये शेकडा 1 पेक्षा जास्त शिसं असलेले छर्रे बंद, वर तीन वर्षांची मुदत. मीही रविवारी क्ले, म्हणजे हवेत फेकलेल्या चकत्या, उडवणारा माणूस आहे, म्हणजे दुःख घरचंच. तेव्हा समस्त बंदूकबहाद्दर बंधुभगिनींसाठी पाच आठवडे एका बाजूने चावताना सुचलेले हे सल्ले.

सर्वात आधी, महागाईबद्दल बोला. दुकानात जाऊन शिशाऐवजी चालणाऱ्या बिस्मथ धातूच्या काडतुसांचा भाव विचारा, तो ऐकून काउंटरवर हात टेका आणि तसेच बाहेर पडा. स्टीलचा भाव चुकूनही विचारू नका.

क्ले चुकली की स्टीलला शिव्या द्या. ते शिशापेक्षा हलकं आहे, म्हणून छर्रा दोन नंबर मोठा घ्यावा लागतो, हे दुकानातलं पोरगंही सांगेल. त्याचं ऐकू नका. शिसं असताना का चुकत होती असं कुणी विचारलंच, तर वाऱ्याकडे बोट दाखवा.

आजोबांची दुनळी पुढे करा. आता इथे मी जरा गंभीर होतो, कारण हे दुखणं खरं आहे. माझ्याकडेही बर्मिंगहॅमची एक जुनी दुनळी आहे. पातळ नळ्या, घट्ट चोक (नळीच्या तोंडाची चिंचोळी बाजू), आणि कुंद्यावर कुणा अनोळखी माणसाच्या गालाने आलेली झिलई. असल्या बंदुकीत वाटेल ते स्टील घालता येत नाही, नळीचं वाटोळं होतं. पण म्हणून ती बंदूकवाल्याकडे मोजायला नेऊ नका हं! त्याने नळीवरचे चाचणीचे ठसे बघितले, चोक थोडा मोकळा करून दिला आणि "साधं स्टील चालेल" म्हणाला, तर पुढची तीन वर्षं रडायचं कशावर?

डेन्मार्कचं नाव निघालं की विषय बदला.

व्हॉट्‌सॲपवर "सगळंच बंद होणार" असं लिहा. एअरगनचे पेलेट यात नाहीत, पोलीस आणि लष्कर यात नाहीत, अव्वल खेळाडूंना परवान्याची सोय आहे, असले बारीक तपशील टाकून रंगाचा बेरंग करू नका. आमच्या यजमानांनी तर थेट कोल्हापूर गाठलं. "मग आपल्या स्वप्नील कुसळेने काय करायचं?" अहो, त्याने 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर रायफलमध्ये कांस्य आणलं ते निशाणावर गोळ्या मारून. ते निशाण कुणी वाटणात घालून शिजवत नाही. आणि ब्रिटनचा कायदा त्याला लागू तरी कसा व्हायचा? पण टाळ्या पडल्या.

बदकांना शिसं पचतं, असं छातीठोक सांगा. दाणे दळायला ती खडे गिळतात, त्यात छर्रेही जातात आणि पोटात तेही दळले जातात. इथे वर्षाला 50 हजार ते 1 लाख पाणपक्षी यातून मरतात, असा पक्ष्यांवर काम करणाऱ्यांचा अंदाज आहे. तुम्ही म्हणा, मला तर एकही मेलेलं दिसलं नाही. दिसणार कसं? कोल्हा आधी पोचतो.

आणि सर्वात महत्त्वाचं: मुदत मागा. मुदत मागण्यासारखं सुख नाही. 2020 मध्ये शिकार-नेमबाजीच्या नऊ संघटनांनी स्वतःहून सांगितलं, कायदा नको, पाच वर्षं द्या, आमचे आम्ही शिसं सोडतो. काय थाट होता त्या निवेदनाचा! मग संशोधकांनी लगेचच्या हंगामातली फेझंट घेतली आणि आतले छर्रे तपासले. 180 पाखरं. 179 मध्ये शिसं. एक! एकच पाखरू शिशावाचून मेलं, तेही बहुधा कुणाच्या काडतुसांच्या खोक्यात चुकून दुसरं पाकीट आलं म्हणून. बरं, हे काही पहिल्यांदा झालेलं नाही. पाणपक्ष्यांवर शिसं झाडायला इंग्लंडात 1999 पासून बंदी आहे, कायद्याने. त्यानंतर दहा वर्षांनी बाजारातून बदकं आणून बघितली, तर शेकडा 70 बदकांत शिसं. म्हणजे कायदा केला तरी आम्ही पाळत नाही, आणि कायदा नको म्हणून दिलेला शब्द तर त्याहून पाळत नाही. डेन्मार्कने 1996 मध्येच शिशाचे छर्रे बंद केले. तिथली शिकार संपली? बंदुका गंजल्या? तुमच्या पाच वर्षांचं काय केलंत? आणि आता तो वरवंटा आम्हा क्लेवाल्यांवरही फिरला की "बघा, सरकार सर्वसामान्य नेमबाजाच्या पोटावर उठलंय" म्हणून आम्हालाच मोर्चात पुढे उभं करताय!

आम्ही तरी कुठले संत? एका काडतुसात 28 ग्रॅम शिसं. शंभर क्लेचा राउंड म्हणजे 2 किलो 800 ग्रॅम. एवढं मी दर रविवारी एका शेतावर पेरून येतो, मग गाडीत बसून चहा पितो. कुंपणापलीकडे मेंढ्या चरत असतात.

आता पुढचा सल्ला कितवा, ते मोजत नाही.

त्या रात्री टेबलावर यजमानांची सून होती. सातवा महिना. तिच्या ताटात तंगडी वाढत म्हणाले, "खा गं, रानातलं आहे, औषध नाही, इंजेक्शन नाही." शिशाने मारलेली शिकार कमी खा, गरोदर बायका आणि लहान मुलांनी तर फारच जपा, असं इथलं अन्नखातं 2012 पासून सांगतंय. छर्रा दिसला तो काढून टाकला की झालं, असंही नाही. पाखरात घुसताना त्याचा चुरा होतो, तो डोळ्यांना दिसत नाही, आणि कोकमाच्या आंबटात तर आणखीच उतरतो. हे सगळं मला ठाऊक होतं. मी बोललो नाही. गाल धरून बसलो होतो, यजमानांचा मान राखत.

गवयाचा आवाज घालवायला विड्यातून शेंदूर चारायचे, अशी गोष्ट आजी सांगायची. शेंदूर म्हणजे शिशाचंच भावंड. पण ते वैरी होते, आणि चोरून चारायचे. तुम्ही "अजून एक घे" म्हणत वाढता! लाज नाही वाटत? वर्षाला हजारो पौंड शिकारीवर उधळता, नवी जीप घेता, कुत्र्याला वेगळं जाकीट घेता, आणि काडतुसाचं खोकं बदलायचं म्हटलं की एकदम गरीब होता. परंपरा म्हणे! कसली परंपरा? पाच वर्षं होती हातात. कुणी अडवलं होतं?

मला ग्रुपमधून काढायचं तर खुशाल काढा. 1 फेब्रुवारीला हंगाम संपतोय. शेवटच्या दिवशीची पाखरं दरवर्षीसारखी शेजाऱ्यांच्या दारांना टांगून जाल. त्या घरांत लहान पोरं आहेत. निदान बेल वाजवा, आणि आत काय आहे ते सांगून जा.