चाळीस मार्कांचं जग

दहावीला भूगोल शिकवणं म्हणजे चाळीस मार्कांत जग बसवणं. त्यातही आमच्या पाठ्यपुस्तकात देश दोनच, भारत आणि ब्राझील. पहिल्या धड्यापासून शेवटापर्यंत दोघांना शेजारी उभं करून तुलना, जशी स्थळं बघताना करतात: उंची किती, पाऊसपाणी कसं, शेतीवाडी किती, घरात माणसं किती. त्यामुळे आमची मुलं ब्राझीलच्या सीमेला न लागणारे दक्षिण अमेरिकेतले दोन देश झोपेतसुद्धा सांगतात, चिली आणि इक्वेडोर. पण नकाशावर शिमला दाखव म्हटलं तर एकीनं सरळ पुण्यावर बोट ठेवलं. चूक तरी कशी म्हणू? १९२८ साली हवामान खातं शिमल्याहून पुण्याला आलं, तेव्हापासून शिवाजीनगरची ती इमारत सिमला ऑफिसच आहे आणि त्या मुलीची बस रोज त्याच चौकातून येते.

मी मात्र नोकरीला लागतानाच ठरवलं होतं की जगाचा भूगोल शिकवायचा तो बातम्यांतून आणि माणसांच्या खाण्यापिण्यातून. बातम्यांचं आधी सांगते, कारण ते लवकर आटोपलं.

रोज तासाच्या सुरुवातीला एकानं जगातली एक बातमी आणायची आणि ती जागा नकाशावर दाखवायची, असा नियम केला. पहिली बातमी आली आयपीएलच्या मॅचची. "बाई, मॅच दुबईत झाली, म्हणजे जागतिकच ना!" वर्ग खऱ्या अर्थानं माझ्या मुठीत आला तो एकदाच, मार्च २०२१ मध्ये. तास ऑनलाइन होते. एव्हर गिव्हन नावाचं चारशे मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात आडवं होऊन बसलं होतं. कालवा १८६९ साली उघडला, युरोपचा रस्ता आफ्रिकेला वळसा न घालता जवळ आला, हे मी दरवर्षी सांगत असते, त्या वर्षी बंद कॅमेऱ्यांच्या काळ्या चौकोनांना सांगत होते. त्या दिवशी झाडून सगळे कॅमेरे सुरू. लक्ष्मी रस्त्यावर वाढलेल्या पोरांना हे दृश्य समजावून सांगावं लागत नाही. एकानं विचारलं, "बाई, रिव्हर्स का नाही घेत?" दुसरा लगेच त्याच्यावर डाफरला, "मागे लाइन लागलीये बघ, घेईल कुठून?" सहा दिवसांनी जहाज सुटलं आणि कॅमेरे पुन्हा बंद झाले.

बातम्यांचा नाद सुटायला कारण झाला नकाशा. २०१९ च्या जानेवारीत मी अप्पा बळवंत चौकातून स्वतःच्या पैशानं जगाचा मोठा नकाशा आणला, लॅमिनेशन न केलेला, कारण त्याचे पैसे वेगळे होते. दोन महिन्यांत कझाकस्ताननं राजधानीचं नाव अस्ताना बदलून नूर-सुलतान केलं. मी पांढऱ्या कागदाची पट्टी कापली, सुवाच्य अक्षरात नाव लिहिलं आणि डिंकानं चिकटवलं. २०२२ च्या सप्टेंबरात त्यांनी परत अस्ताना केलं. मी नखानं पट्टी सोलली, तर तिच्याबरोबर खालचं अस्ताना आणि आसपासचा थोडा कझाकस्तानही निघून आला. आता तिथे पांढरा चट्टा आहे. दरवर्षी एखादा हुशार मुलगा विचारतो, "बाई, हे सरोवर कोणतं?"

आमच्या इतिहासाच्या बाईंना याचा फार आनंद. "आमची माणसं एकदा गेली की निदान नावं तरी बदलत नाहीत," असं त्या चहा पिताना म्हणतात. त्यांच्याही पेपरला चाळीसच मार्क आहेत, पण तोरा शंभराचा.

मग मी ताटाकडे वळले. आषाढीच्या आदल्या दिवशी शाळेची दिंडी झाली आणि शेवटचा तास माझा होता. टाळ कुटून मुलं दमलेली, दोघांनी फेटे सोडायला नकार दिलेला. पुस्तक उघडणं शक्यच नव्हतं. मी विचारलं, उद्या घरी काय? अख्खा वर्ग ओरडला, "खिचडी!"

मग एकेक जिन्नस घेऊन आम्ही नकाशावर फिरलो. साबुदाणा हा मुळात दाणाच नव्हे, टॅपिओकाच्या कंदाचं सत्त्व. होतो तमिळनाडूत सेलमकडे, पण कंद मूळचा ब्राझीलकडचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा अँडीजच्या डोंगरांतला, नाव तर थेट पोर्तुगीजांचं. मिरची मेक्सिकोकडची. सैंधव मिठाची मोठी खाण खेवड्याला, पाकिस्तानात. जिरं भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडचं (ज्यांच्या घरी उपवासाला चालतं त्यांच्यापुरतं). छातीठोकपणे आपलं म्हणावं असं तूप तेवढं उरलं.

इथेच थांबायला हवं होतं. पण वर्ग ऐकतोय असं दिसलं की शिक्षकाची जीभ सैल सुटते. मी म्हटलं, "कोलंबस निघाला १४९२ ला, वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ ला. आणि माउलींनी समाधी घेतली १२९६ ला. म्हणजे ज्ञानेश्वर माउलींनी साबुदाण्याची खिचडी चाखलेलीसुद्धा नाही!"

फेटेवाल्यांनी फेटे काढले.

सुट्टी संपून शाळा भरली तशी शिपाईमामा सांगत आले, "बाई, कुणाची तरी आजी आलीये. बसत नाहीये." आजी सदाशिव पेठेतल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत छत्री आणि साबुदाण्याचं अर्धं संपलेलं पाकीट. त्यांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं.

"यावर ब्राझील कुठे लिहिलंय, दाखवा."

मी चष्मा लावून पाकीट फिरवलं. सेलम लिहिलं होतं.

"मग? एकादशीला ताटावर बसून नातू मला सांगतो, आजी, हा उपवास पोर्तुगीज आहे!"

मी कंदाची सगळी कथा पुन्हा सांगितली. आजींनी ती शांतपणे ऐकली, हे मला जास्त भीतीदायक वाटलं. मग म्हणाल्या, "बरं. साबुदाणा सोडला. रताळं?"

"अमेरिका."

"राजगिरा? राजगिरा तरी?"

"मेक्सिकोकडचा."

आजी खुर्चीत बसल्या. मला अपराधी वाटायला लागलं. घाईघाईनं म्हटलं, "शिंगाडा चालेल की! आणि वरीचे तांदूळ, ते तर अगदी आपलेच."

"शिंगाड्यानं मला पित्त होतं," आजी म्हणाल्या, "आणि वरी आमच्या ह्यांना कधीच आवडली नाही."

थोडा वेळ त्या पांढऱ्या चट्ट्याच्या कझाकस्तानकडे बघत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "अहो बाई, कांदा-लसूण कोलंबसाच्या आधीपासून आपल्याकडे आहे ना?"

"आहे की. कितीतरी आधीपासून."

"तो उपवासाला चालत नाही. आणि हे काल जहाजातून उतरलेलं सगळं चालतं. हे ठरवलं कुणी?"

सोळा वर्षांच्या नोकरीत मला एकाही मुलानं इतका चांगला प्रश्न विचारलेला नाही. उत्तर मला येत नव्हतं, पण मार्ग दिसला.

"आजी, तो प्रश्न इतिहासाचा आहे," मी म्हटलं. "त्या बाई दुसऱ्या मजल्यावर बसतात. जिना डाव्या हाताला."

आजी उठल्या. पाकीट आठवणीनं पिशवीत टाकलं आणि छत्री टेकत जिना चढायला लागल्या.