अंदमानची गाडी लागली का?

सहलीला सासऱ्यांना नेऊ नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण सासरे एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले असतील आणि विमानाला उशीर व्हायचा असेल, तर जावयाने घरीच बसावं.

मुंबईहून पहाटेचं विमान, चेन्नईला बदली, बाराच्या आत पोर्ट ब्लेअर, दोनची बोट आणि हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर सूर्यास्त. हे वेळापत्रक हिने केलं होतं आणि अप्पांनी तपासून खाली सही ठोकली होती, तारखेसकट. चेन्नईपर्यंत तक्रारीला जागा नव्हती, त्यामुळे अप्पा जरा अस्वस्थच होते. तिथे फलकावर ‘विलंब’ झळकला आणि त्यांचा चेहरा खुलला.

“कारण काय?” त्यांनी काउंटरवरच्या मुलीला आपल्या हिंदीत विचारलं. येणारं विमानच उशिरा येतंय, असं ती म्हणाली.

“मतलब मुक्कामी गाडी नहीं रखते आप लोग!”

‘मुक्कामी’ त्या तमिळ मुलीला कळायचं काही कारण नव्हतं, पण सूर कळला असावा. तिने निमूटपणे अल्पोपहाराची कुपनं पुढे केली. कुपनावर कपातला उपमा मिळाला. गरम पाणी ओतायचं, झाकण लावायचं आणि वाट बघायची. वाट बघायचा सराव आम्हाला एव्हाना झालेलाच होता.

मग गेट बदललं. “फलाट बदलला,” अप्पांनी डायरीत वेळ टाकली. नव्या गेटवर विमानाचा पत्ता नसताना एकसारख्या टोप्या घातलेला एक मराठी सहलगट रांग लावून उभा राहिला. टूर मॅनेजर बाकरवडी वाटत फिरत होता. अप्पांनी बाकरवडी घेतली आणि त्यालाच सुनावलं, “गाडी लागल्याशिवाय पुकारा करायचा नसतो. पॅसेंजर उगाच उठतात.”

मला घोर होता तो सूर्याचा. मुंबई आणि पोर्ट ब्लेअर यांच्यात जवळजवळ 20 रेखांशांचं अंतर आहे, पण घड्याळ एकच. त्यामुळे डिसेंबरात तिथे पाचच्या सुमाराला सूर्य मावळून मोकळा होतो. मुंबईत पाच वाजता पोचलेला माणूस निदान चौपाटीवर भेळ तरी खातो. इथे चार-पाच तास उशीर म्हणजे अख्खी संध्याकाळ बुडाली. हे मी अप्पांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, “मग सूर्याचं टायमिंग बदलून घ्या. पुढच्या तिमाहीत.”

वीर सावरकर विमानतळावर उतरलो तेव्हा मिट्ट काळोख होता. शिंपल्याच्या आकाराची नवी इमारत म्हणे फार सुंदर आहे. आम्हाला सामानाचा पट्टा तेवढा दिसला. शहराचं नाव 2024 मध्ये श्री विजयपुरम झालंय, हॅवलॉकचं 2018 सालीच स्वराज द्वीप. टॅक्सीवाला मात्र जुनीच नावं घेत होता. “पाट्या बदलल्या, चालक तेच,” अप्पा पुटपुटले.

शेवटची बोट केव्हाच गेली होती. त्या रात्री आम्ही दोन ठिकाणचं भाडं भरलं: एक शहरात, जिथे झोपलो, दुसरं हॅवलॉकला, समुद्राकडे तोंड असलेल्या रिकाम्या खोलीचं. ही कोणाशीच बोलत नव्हती.

सकाळी धक्क्यावर अप्पांना चहा हवा होता. बोट सुटायची वेळ झाली, असं मी तीनदा सांगितलं. “अहो जावईबापू, उभी हयात गाड्या सोडण्यात गेली माझी. वेळेवर कधी काही सुटतं का? पंधरा मिनिटं आरामात आहेत.”

फाटकापाशी पोचलो तर ते बंद. पलीकडे आमची बोट धक्क्यापासून सुटून वळण घेत होती. हिने डोक्याला हात लावला. मी अप्पांकडे बघितलं. ते घड्याळाकडे बघत होते आणि कालपासून पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत आनंदाने पाणी आलं होतं.

“बघा, मिनिटाचाही फरक नाही! याला म्हणतात कंट्रोलर!” असं म्हणून ते त्या माणसाचं अभिनंदन करायला ऑफिसात शिरले.